व्हर्नामावशीचं यश

टोलेडो,
१४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्नामावशी,

सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतात? खिडक्यांना प्लास्टिक लावून घेतलंस ना? तळ्यावरचा वारा सुटलाय. आमच्या डबे पोचवणाऱ्या संस्थेत आता चौघांचं काम दोघं करतो. उरलेल्या दोघांना निरोपाचा केक दिला. तोही त्यांच्याकडूनच वर्गणी घेऊन.

तीन गल्ल्यांवर राहते आणि पत्र कसलं लिहिते, म्हणशील. पेट्रोल वाचवतेय, समज.

काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्हा सरकारनं, यंदा डब्यांचा निधी कापला. कंत्राट कुणाला, तर ज्यांची माणसं 'सुधारली' त्यांना. दुपारच्या गरम डब्यावर तू जगते आहेस, याला तिथे सुधारणा म्हणत नाहीत. म्हणून अर्जात मी तुझी गोष्ट घातली: पक्षाघातातून उठून आता स्वतः रांधणारी बाई. सोबत फोटो. तू, कालथा आणि पॅनकेक. पॅनकेक डबा घेऊन आलेल्या क्लाइडनं केले होते. कालथा तू फोटोपुरता धरलास, तोही दोन्ही हातांनी. वर म्हणालीस, "रोझ, या वयात मला नटी करतेस होय गं!"

नटी गाजली. कंत्राट मिळालं. काउंटीच्या कचेरीतल्या साहेबांचा अभिनंदनाचा फोन आला.

"बाई ठणठणीत झाल्या की! मग आता डबा कशाला?"

"डब्यामुळेच ठीक आहेत, साहेब."

"म्हणजे डब्याचं काम झालं."

खरं सांगावं तर अर्ज खोटा, कंत्राट रद्द, आणि तुझ्यासारखी दीडशे माणसं उपाशी. मी "थँक यू" म्हटलं. आवाजसुद्धा गोड काढला.

तर एक तारखेपासून तुझा डबा बंद. रविवारी मी सूप आणीन. बाकीच्या वारांचं अजून काही सुचलेलं नाही.

आणि आता ते, जे तोंडावर सांगवेना म्हणून हा कागद. मंगळवारी साहेब तुझ्याकडे पाहणीला येणार आहेत. स्वयंपाक जमतो का, विचारतील. मावशी, हो म्हण. हात अ‍ॅप्रनच्या खिशात ठेव आणि हो म्हण.

रविवारी दार उघडशील, निदान शिव्या द्यायला, एवढ्या आशेवर,

तुझी
रोझलिन