केवडीच्या बेटाचा नवस

१२ नोव्हेंबर १९५३, गुरु.

दिवाळी आटोपली एकदाची. डबाभर कडबोळी उरलीत. सगळे डबा उघडतात, बघतात, परत झाकण लावतात.

संध्याकाळी हे मिठागराच्या कचेरीतून आले ते गालात हसतच. खिशातून वीतभर लोखंडी किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. शेठजींच्या बंगल्याची! करंज्याच्या पलीकडे समुद्रात केवडीचं बेट आहे, त्यावर शेठजींचा बंगला. गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला आता होडीत चढवत नाही. ह्यांना म्हणाले, 'डॉक्टरांनी घरी हवापालट सांगितलाय ना, मग जा. पुढे मीठ सुरू झालं की मी रजा देणार नाही.'

चार दिवस. माड, वाळू, होडीतून उतरलेली ताजी मासळी. हे आणि मी. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दाराला कडी लावल्याशिवाय आम्ही दोघं एकटे म्हणून कधी बसलो नाही, आणि कडी लावली तरी पलीकडे सासूबाई खोकतातच.

किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली.

१३ नोव्हें., शुक्र.

सासूबाईंना सांगितलं. म्हणजे ह्यांनी सांगितलं, मी भाजी चिरत होते.

'बेटावर? तिथे कोण आहे आपलं?'
'कोणी नाही, आई.'
'मग उतरणार कुणाकडे?'
'शेठजींचा बंगला आहे.'
'ते कळलं रे. पण उतरणार कुणाकडे?'

हे तीनदा झालं. मग हे आंघोळीला निघून गेले. सायंकाळी सातला आंघोळ! असा हा माझा नवरा.

१५ नोव्हें., रवि.

रविवार म्हणजे आक्का. माझी नणंद, मागच्याच आळीत दिलेली, रविवारी तिन्ही पोरांसकट इथेच जेवायला. तिला आल्या आल्या बातमी कळलेली.

'दोघंच जाणार? लोक काय म्हणतील? आणि चार दिवस करणार काय तिथे?'

म्हटलं, काही नाही करणार. बसणार.

'बसायला बेटावर कशाला जायला पाहिजे? इथे ओटी नाही का?'

सा.बा. म्हणाल्या, हवापालटच हवा तर चिरनेरला माझ्या बहिणीकडे जा, घरचं दूध आहे. मावशींकडे मी गेल्या वर्षी गेले होते. आठ दिवस त्यांच्या वाटाण्याच्या शेंगा सोलल्या. हवा होती म्हणा, पण ती घ्यायला मान वर कुठे करता आली.

१६ नोव्हें., सोम.

श्रावणात ते झालं. तिसऱ्यांदा, चौथा महिना लागल्यावर. आज पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. त्यानंतर घरात कुणी मला काही बोललं नाही, हे खरं. फक्त बघतात. मी शिळं खाल्लं की बघतात, कळशी उचलली की बघतात, दुसऱ्याचं मूल उचललं की तर बघायलाच नको. मला चार दिवस कुणी बघायला नको आहे. एवढंच मागणं आहे, जास्त नाही.

ह्यांनाही तसंच वाटतं. बोलत नाहीत, पण किल्ली त्यांनी मागून आणली, शेठजींनी आपणहून दिली नाही. आज बोलता बोलता ते निसटलं तोंडातून.

१८ नोव्हें., बुध.

कमाल झाली. आज विहिरीवर शेजारच्या गोदूताईंनी माझी कळशी स्वतः भरून दिली आणि डोळे मिटून म्हणाल्या, 'होईल हो सगळं मनासारखं. नवस बोललीस, अर्धं काम झालं.'

कसला नवस?

'अगं, बेटावरच्या देवाचा! सगळी आळी म्हणतेय.'

घरी आले तर सा.बा. देवापुढे बसलेल्या. मला बघून हसल्या. अकरा वर्षांत त्या माझ्याकडे बघून इतक्या गोड कधी हसल्या नव्हत्या.

१९ नोव्हें., गुरु.

ह्यांना काल धरलं. आधी टोपी शोधत राहिले. टोपी डोक्यावर.

'आई ऐकेना. म्हणून म्हटलं, तिथे देव आहे, नवस फेडायचाय.'
'कसला नवस?'
'ते मी सांगितलंच नाही. आईच म्हणाली, कळलं मला, पुढे बोलू नकोस.'
'आणि तुम्ही गप्प बसलात?'
'परवानगी मिळाली ना पण!'

अहो, परवानगी मिळाली! ह्या माणसाला मिठाच्या गाड्या मोजता येतात, पण आपली आई दोन आणि दोन किती करील ते कळत नाही. आमच्या घरात नवस म्हटल्यावर तो कशासाठी, हे कुणाला विचारायला लागतं का?

मी फार बोलले. नंतर वाईट वाटलं. त्यांचंही तोंड एवढंसं झालं होतं. त्यांच्या डोक्यात खरंच ते आलं नसेल.

२१ नोव्हें., शनि.

आता ऐका. बेटावर येणार कोण कोण: हे, मी, सा.बा., आक्का, आक्काची तिन्ही पोरं, चिरनेरच्या मावशी (त्यांना निरोप गेला, त्या लगेच हो म्हणाल्या), आणि गोदूताईंनाही 'बघू' म्हणून ठेवलंय. बरोबर नारळ, हिरवा खण, पुरणाचा स्वयंपाक, मोठं पातेलं. पातेलं आक्काच्या सासरहून यायचं आहे.

सवाष्णी लागतात म्हणे. कमी पडल्या तर करंज्याहून बोलवू, असं आक्का म्हणाली. समुद्रातून सवाष्णी आणायच्या होडी होडीने!

मी म्हटलं, बंगल्यात दोनच खोल्या आहेत. आक्का म्हणाली, 'देवाच्या कामाला गेल्यावर खोल्या मोजतात का गं?'

२२ नोव्हें., रवि.

आणखी एक. देवाचं म्हणून मासळी बंद. जायच्या आधीपासून बंद, तिथे बंद. मी समुद्राच्या मधोमध बसून वांग्याची भाजी खाणार. सरंगा समोरून उड्या मारत जाईल आणि मी वांगं खाईन.

ह्यांनी हळूच विचारलं, 'अंडं चालेल का?' सा.बां.नी नुसतं पाहिलं.

२४ नोव्हें., मंगळ.

सकाळी कुणाची तरी सून बाळाचं जुनं झबलं देऊन गेली. शकुनाचं, उशीखाली ठेवायचं. दुपारी मागच्या आळीतल्या काकूंनी कसलासा पाला. तो उकळून प्यायचा. संध्याकाळी गोदूताई विचारायला, की ह्या महिन्यात कसं काय. ओटीवर, मोठ्याने!

मी म्हटलं, 'गोदूताई, तुमच्या म्हशीचं विचारा, माझं नको.' सा.बा. उठल्या. पाला तेवढा उचलून मोरीत टाकला त्यांनी. का टाकला, विचारलं नाही मी.

कोठीच्या खोलीत जाऊन रडले. राग कशाचा येतो ते लिहितेच. मी आस सोडली होती. श्रावणानंतर नीट बसून, शहाणपणाने सोडली होती. बरं चाललं होतं माझं. आता सगळ्यांनी मिळून ती माझ्या पदरात परत आणून टाकली. काल पाणी भरताना मी मनात दिवस मोजत होते. मी! खोट्या देवाच्या खोट्या नवसावर!

झबलं उशीखाली ठेवलं नाही. फेकूनही दिलं नाही. ट्रंकेत आहे.

२६ नोव्हें., गुरु.

ह्यांना म्हटलं, किल्ली परत करा शेठजींना. मला कुठेही जायचं नाही.

मग म्हणाले, 'मी आईला खरं सांगतो.'

'सांगा.'

'सांगतो.'

जेवताना दोनदा तोंड उघडलं. एकदा आमटी मागितली, एकदा पाणी.

२७ नोव्हें., शुक्र.

अजून सांगितलेलं नाही. पातेलं आलं. त्यात आक्काचं धाकटं पोर मावतं, बसवून बघितलं त्यांनी.

२९ नोव्हें., रवि.

आज जे झालं ते नीट लिहिते.

करंज्याचा धर्मा आला, होडीवाला. शेठजींनी पाठवलेला, माणसं किती नि कधी निघायचं ते विचारायला. ओटीवर उकिडवा बसला. मी चहा दिला. आक्का होतीच, रविवार ना. तिने लगेच सुरू केलं: देवाला नारळ वाढवतात की कोंबडा लागतो, जत्रा कधी असते, गुरव कोण.

धर्मा कप हातात धरून बघतच राहिला. 'देव? बेटाव देव कुठं हाय, आक्का? बंगला हाय, माड हायत, केवडी हाय. नि खाली एक धोंडा हाय, त्याला आमी होडी बांदताव. देव नाय.'

हे आढ्याची कौलं मोजायला लागले. माझे कान तापले. आक्काने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या तोंडावर जे यायला लागलं ते बघून मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. सगळ्या आळीला आज संध्याकाळपर्यंत कळणार, हिला नवऱ्याबरोबर मजा करायला जायचं होतं म्हणून देवाचं खोटं सांगितलं.

सा.बा. आत तांदूळ निवडत होत्या. सूप हातात तसंच घेऊन दारात आल्या.

'तोच,' म्हणाल्या.
'तोच काय, आई?' आक्का म्हणाली.
'तोच धोंडा. देव काय दाराला पाटी लावून बसतो?' मग धर्माला, 'त्याला कधी कुणी शेंदूर लावलाय?'
'नाय बा. कोन लावनार?'
'बघा. म्हणजे पहिला नवस आहे. पहिला नवस जोडप्याने जाऊन फेडायचा. तिसरं माणूस बरोबर चालत नाही.'

आक्का उठलीच. 'हे कुणी सांगितलं तुला? मी कधी ऐकलं नाही!'

'तू कधी कुणाचं ऐकलंयस? चालत नाही म्हणजे नाही. पातेलं परत दे त्यांचं.'

धर्मा चहा संपवून म्हणाला, 'मंग मासली तरी चालंल का तितं?'

सा.बा. सुपात बघत म्हणाल्या, 'समुद्रातला धोंडा तो. त्याला काय चालायचं नाही?'

आणि आत गेल्या. हे अजून कौलांकडेच बघत होते. मी चिमटा काढला.

३० नोव्हें., सोम.

रात्रभर डोक्याला भुंगा. त्यांना आधीपासून कळलं होतं का? की धर्मा बोलल्यावर कळलं आणि मुलाची लाज राखली? की त्यांना खरंच वाटतंय, तो धोंडा देव आहे आणि मला काही तरी देणार आहे? तसं असेल तर मी परत आल्यावर पुन्हा तेच, पुन्हा बघणं.

दुपारी त्या एकट्याच होत्या चुलीपाशी. विचारायला गेले आणि नुसतीच उभी राहिले. भाकरी थापता थापता त्याच बोलल्या.

'तुझ्या सासऱ्यांबरोबर मी एकटी फक्त एकदा गेले. इथे बंदरावर. त्यांचा माल घेऊन पडाव यायचा होता. भरतीला वेळ होता म्हणून बसलो दोघं लाकडांवर. काही बोलले नाहीत ते. खारे दाणे घेतले होते.' भाकरी तव्यावर टाकली. 'बरं वाटलं होतं.'

पुढे काही नाही. मग पदराखालून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. शेंदूर.

म्हटलं, 'सासूबाई, तिथे देव नाहीये.'

'असूं दे. लाव, नाही तर नको लावूस. पण पुडी परत घरात आणू नकोस.'

म्हणजे काय समजायचं मी? हो की नाही? ही बाई सरळ कधी बोलेल? एवढं झाल्यावर मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, ती मारली नाही, कारण हात पिठाचे होते. त्यांचे.

२ डिसेंबर, बुध. केवडीचं बेट

सकाळच्या मोटारीने उरण, पुढे टांग्याने करंजा. धर्मा ओहोटीचं कारण सांगून बसवून ठेवत होता. हे त्या वाळत घातलेल्या बोंबलांतून येरझाऱ्या घालत होते. आक्काने निघताना कडबोळ्यांचा डबा दिला, 'एवढं तरी न्या,' तोंड फुगवून. ही कडबोळी मला जन्मभर पुरणार.

धोंडा मला वाटला होता त्याहून लहान निघाला. कमरेएवढा, कालवं चिकटलेली, दोराने घासून एका बाजूला गुळगुळीत झालेला. धर्माने त्याच्यावर दोर टाकला, हे ट्रंक घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि मला हात दिला. अकरा वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. चारचौघं म्हणजे धर्मा, आणि तो दुसरीकडे बघत होता.

बंगल्याच्या खोल्यांत वटवाघळांचा वास आहे. चूल धुरकटते. धर्मा दोन पापलेटं ठेवून गेला, परवा पुन्हा मासळी घेऊन येतो म्हणाला. कुणीही नाही. ट्रंक उघडली तर वरच झबलं. आणायचं नव्हतं, ट्रंकेत होतं ते ट्रंकेतच राहिलं. जळ्ळं मेलं.

आता व्हरांड्यात बसून लिहिते आहे. पुडी कमरेला आहे अजून. हे खाली धोंड्याला टेकून, पाण्यात पाय सोडून बसलेत. कडबोळी खातायत! तिथून मला हाका मारतायत, आणि मोठ्याने, नावाने. माझं नाव ते असं कधी घेत नाहीत.

जाते.