तारांची चाकं आणि मर्लिनचं लग्न

२ डिसेंबर
चाकं आली. तारांची, चकचकीत. फेलिसिदाद म्हणाली, ही सायकलीची चाकां कित्याक हाडल्यात? बायकोला स्पोर्ट्‌स कारमधलं काही कळत नाही. कळावं अशी अपेक्षाही मी सोडली आहे.
कार झालीच म्हणायची. चासी आणि इंजिन भंगारातल्या टॅक्सीचं, फायबरची बॉडी तारकर्लीच्या होडी बनवणाऱ्याने करून दिलेली. आता फक्त चाकं. एका दुपारचं काम. लेकीला, मर्लिनला शब्द दिलाय: चार जानेवारीला नवरी चर्चला जाणार ती बापाने बनवलेल्या गाडीतून. म्हापशाच्या मेहुण्याच्या, कॉनरॅडच्या, त्या पांढऱ्या डबड्यातून नाही.

९ डिसेंबर
टायर रिमवर चढेनात. टायरचा दोष. साबणाचं पाणी लावून चढवले, तर तारांची टोकं लागून ट्यूब फुटल्या. आत आधी रबरी पट्टी घालतात म्हणे. ती खोक्यात होती. पॅकिंग समजून मीच फेलिसिदादला दिली, तिने लोणच्याच्या बरण्यांना बांधली. निदान विचारायचं तरी.

१७ डिसेंबर
प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट. हातोडीने ठोकून आवळायचा. कुठल्या दिशेने ते सांगायला वर बाण. आणि चारही बाण मागे. गाडी पुढे जाणार आणि बाण मागे? बनवणाऱ्याला ड्रॉइंगचा गंध नाही. मी निवृत्त ड्रॉइंग टीचर, मला हे बघवेना. चाक ज्यावर बसतं ते हब आणि नट, डावीकडचे उजवीकडे लावले, उजवीकडचे डावीकडे. आता सगळे बाण पुढे. काय रुबाब आलाय!

२४ डिसेंबर
ट्रायल आज घेणार होतो. फेलिसिदादने नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरायला बसवलं. उद्या नक्की.

३ जानेवारी, सकाळी
ट्रायल. शेजारच्या सत्यवानाने चाकांखाली लिंबं ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, मॅन्युएल सरांची ही गाडी सुखरूप जांवदे, सुखरूप येंवदे. आम्ही ख्रिश्चन, पण गाडीचा प्रश्न होता. मीच सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलं.
लिंबं चिरडून निघालो. वळणावर एका चाकाने मला ओव्हरटेक केलं. किती सरळ धावतंय, असं मनात आलं. मग गाडी एका बाजूला बसली.

संध्याकाळी
मोबाईलवर व्हिडिओ बघून संशोधन केलं. बाण मागे असतात तेच बरोबर. माझ्या पद्धतीने लावले की पुढे जाताना नट सैल होतात, मागे जाताना आवळतात. म्हणजे पद्धत चूक नाही, दिशा वेगळी. निघालेलं चाक परत ठोकून बसवलं, पण हब परत बदलायला वेळ नाही, घरात रोस चालू, म्हणजे आमची हळदच.
कॉनरॅडने अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, चेडू माझ्या गाडयेतसून जातला. मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. नारळाच्या रसाने माखलेली मर्लिन उठून मागोमाग आली. विचारलं, रिव्हर्स चलता मां? मी म्हटलं, रिव्हर्स फर्स्ट क्लास. म्हणाली, मगे तशीच जावया, डॅडी.

४ जानेवारी
गेलो. फाटकापासून चर्चपर्यंत, रिव्हर्समध्ये. एकही नट हलला नाही. मान मात्र हलत नाही.
गाडीचं तोंड घराकडे, बँड बॉनेटसमोर. फेलिसिदाद मागून येणार होती, फाटकात उभी होती. नवऱ्या घर सोडताना मान वळवून वळवून बघतात, मर्लिनला ती गरजच पडली नाही. वळणापर्यंत ती आईकडे बघत होती, आई तिच्याकडे. हे मी आधीच योजलं होतं असं कॉनरॅडला सांगितलं.
लग्नानंतर ती सासरी मडगावला गेली. कॉनरॅडच्या गाडीतून, सरळ.

१९ जानेवारी
लग्नाचा व्हिडिओ आला. गाडी उलटी चाललेली बघून एडिटिंगवाल्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्याने तेवढा तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवून लावला. आता माझी गाडी झोकात पुढे येते. बँडवाले उलटे चालतात, पण त्यांच्याकडे कोण बघतंय. शेवटी पुरावा मिळाला. कॉनरॅडला पाठवला.
फेलिसिदाद म्हणाली, बघा, मर्लिन घराक येता.
मी म्हटलं, अगो, ती जात होती.
म्हणाली, माका ठाऊक आसा. परत लावा.
लावला. वळणावरून गाडी आली, फाटकात थांबली.
उद्या हब बदलणार होतो. घाई काही नाही, आता न्यायचं कोणाला? घर फार रिकामं वाटतं. फेलिसिदाद झोपायला गेल्यावर मीच व्हिडिओ पुन्हा लावला.