प्रतिभाताईंच्या खुर्चीवरचे गठ्ठे

नाशिक

ती. लतिकामावशीस,

इराचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तरी पूर्ण वाकले असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? मालेगावात ऊन वाढलं असेल, तर दुपारी गच्चीवर पापड राखत बसू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. पण मग पत्र इथेच संपेल.

तुला माहीत आहे, आमच्या दैनिकाच्या संपादकीय विभागात मी एकटीच बाई. म्हणून माझ्याकडे ‘सुगरण’ पुरवणी. (मला धड वरण जमत नाही, हे संपादक नानांना कोण सांगणार?) बायकांसाठी स्वच्छतागृहही आहे, फक्त त्यात जुन्या अंकांची रद्दी भरली आहे. तर दुपारच्या बैठकीत मी एक बातमी सांगितली. अंबडच्या एका कारखान्यात कामगार बायकांना स्वच्छतागृहाची किल्ली सुपरवायझरकडे मागावी लागते, आणि तो कारण विचारतो. नाना पंख्याकडे बघत होते. थोड्या वेळाने आमचा क्राइम रिपोर्टर आल्हाद यानं तीच बातमी सांगितली (बिचारा वाईट नाही, त्याला खरंच वाटतं की आपल्यालाच सुचलं), तेव्हा नाना म्हणाले, “वा! ही पहिल्या पानावर, आठ कॉलम!”

आणि तेवढ्यात एक बाई शांतपणे म्हणाली, “हे तिनं आत्ताच सांगितलं.”

सगळे माझ्याकडे वळले. मावशी, माझ्या तोंडात पोहे होते. आवाज आला होता कोपऱ्यातून, वॉटर कूलरशेजारच्या खुर्चीकडून. त्या खुर्चीवर अंकांचे गठ्ठे असतात, माणूस बसल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. भर दुपार, बाहेर सिग्नलवर हॉर्न चाललेले, आणि आत कुणाची पापणी हलेना. नानांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ते पुटपुटले, “प्रतिभा.”

पुढच्या बैठकीतही तेच. मी बोलले, कुणी ऐकलं नाही, आणि कोपऱ्यातून “तिला पुरं बोलू द्या.” त्यानंतर मंडळी बैठकीला यायचीच टाळू लागली. आल्हाद तर जिन्यात उभा राहून बातम्या ओरडून सांगायचा. शेवटी नानांनी शांत करायला पंचवटीतून गुरुजी बोलावले. गुरुजींनी संपादकांच्या टेबलावर चौरंग मांडला, कलश ठेवला आणि विचारलं, “बाई कधी गेल्या?”

“गेली नाही,” नाना म्हणाले. “सिन्नरला असते. शेवंती लावते.”

गुरुजींनी पोथी मिटली. “जिवंत माणसाची शांत मला येत नाही. जाऊन भेटा.” (नारळ मात्र घेऊन गेले.)

नानांची जायची छाती होईना. मग बाईकडे बाईनं गेलेलं बरं, असं ठरलं, आणि या दैनिकात बातमीदारीसाठी बाहेर जायची माझी ही पहिलीच वेळ!

प्रतिभाताई वाफ्यात पाणी सोडत होत्या. पांढरे केस, कडक आवाज. तोच आवाज, मावशी. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “पोहे खात बैठकीला बसू नये गं. बोलायच्या वेळी तोंड मोकळं हवं.”

मग ओट्यावर बसवून त्यांनी सांगितलं. आमच्याच दैनिकात असताना महिला वसतिगृहातल्या विषबाधेची बातमी त्यांनी आणली होती, छापून आली नानांच्या नावानं. तक्रार केली तर त्यांना भविष्याचं सदर दिलं. त्या उठून आल्या त्या परत गेल्या नाहीत. “मी नाही गेले,” त्या म्हणाल्या, “पण दुपारी डोळा लागला की मी तिथंच असते. त्याच खुर्चीत. आणि नानाला सांग, ते गठ्ठे काढ. लागतात.” त्यांनी साडी जराशी वर केली. नडगीवर काळेनिळे वळ होते, दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्याची कड उमटावी तसे सरळ.

मी नानांना सांगितलं. ते उठले, एकेक गठ्ठा स्वतः उचलून बाहेर ठेवला, खुर्ची पुसली, आणि बराच वेळ तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्या दुपारी मी किल्लीची बातमी पुन्हा सांगितली. सगळे कोपऱ्याकडे बघत होते. काहीच ऐकू आलं नाही. नाना म्हणाले, “पहिलं पान. इराच्या नावानं.” बातमी आली, बोंबाबोंब झाली, आणि कारखान्यानं कुलूप काढलं. तेव्हापासून आवाज नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
इरा

ता.क. तुझ्या आभानं आमच्याकडे अर्ज केलाय आणि तू नको म्हणतेस, असं कळलं. हो म्हण गं. मला आवाजाची भीती नव्हती. आवाज बंद झाल्यावर बैठकीत मी अगदी एकटी पडले होते.

ता.क. आणखी एक. वरची परवानगी रीत म्हणून मागितली. तुझी लेक परवाच रुजू झाली. माझ्याकडेच राहते, जेवते, फक्त तुझा फोन उचलायला घाबरते. पहिल्याच दिवशी नाना तिला चहा आणायला सांगायला गेले, मध्येच थबकले, आणि स्वतः जाऊन सगळ्यांचा चहा घेऊन आले. कुणी काही बोललं नव्हतं. निदान मी तरी ऐकलं नाही.