पांढऱ्या साटीनचा तागा

आई, हे कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहायला धीर होतोय. पोरींचे फ्रॉक, ब्लाउज, पडदे, गोधड्या, सगळं मी हौसेने शिवते. मशीनचा आवाज नसला तर मला घर खायला उठतं. पण कुणी पांढरी साटीन घेऊन आलं की हात गार पडतात.

सत्तर-बाहत्तर साल असेल. गावात कुणी गेलं की सुतार मयताची पेटी करायचा आणि आतलं अस्तर तुझ्याकडे शिवायला यायचं. विहिरीपलीकडच्या मावशी गेल्या, त्यांचं अस्तर तू शिवलंस आणि उरलेल्या ताग्यातून माझा पहिल्या कम्युनियनचा, देवळात पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या दिवसाचा, फ्रॉक बेतायला घेतलास. मी दारात उभी. तू तोंडात टाचण्या धरून कापतेस, कात्री करकर चालते.

"आई, हे मावशींचंच कापड ना?"

"मग? साटीन आहे ती, मावशी नाही."

"मी मरेन!"

"मर, पण आधी बाहीचं माप दे."

मी भोकाडच पसरलं. तशी तू टाचण्या काढल्यास आणि सुई माझ्या हातात दिलीस. "ज्याची भीती वाटते त्याला हात लाव. लेस तूच लाव." दुपारभर ओटीवर बसून मी वेडेवाकडे टाके घातले. शिवणाचं वेड लागलं ते तिथून, पण भीती काही गेली नाही हं. कम्युनियनच्या दिवशी देवळात बाकीच्या मुली बाकाला टेकल्या, मी आपली ताठ. टेकले तर आडवी होईन, आडवी झाले की संपलं, असं डोक्यात बसलेलं.

दहा-बारा वर्षांनी तू गेलीस. भाऊ म्हणाला, "तयार अस्तराची पेटी मिळते, कशाला जिवाला त्रास?" मी म्हटलं, आईला परक्या हातचं शिवण चालेल होय? तोंड वर करून बोलले खरी, पण मशीनवर बसले तर सुईत दोरा जात नाही. पलीकडच्या खोलीत तू, अलीकडे मी आणि ती साटीन. कसंबसं अस्तर झालं. मग पेटीतली उशी घेतली. तीन बाजू मारल्या, कापूस भरला, चौथी हाताने शिवायची होती.

"झाली का गं?" काकीने दारातून विचारलं.

"झाली."

झाली नव्हती, आई. उघडं तोंड आत दुमडून मी ती तशीच तुझ्या डोक्याखाली ठेवली. तेवढी बाजू शिवली असती, तर तू खरंच मेली असतीस.