खोडलेली ओळ

पुणे

आईले मंजुषाचा जय भीम,

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते.

काल इथल्या शाळेत पोरायसमोर बीएडचा सराव पाठ झाला, ‘आपले सण’. दसऱ्याले आपण भाकरी बांधून दीक्षाभूमीले जातो, ते मी पाठाच्या टाचणात लिहिलं होतं. मॅडमनं ती ओळ लाल पेनानं खोडली. म्हणे, हे सगळ्यायचं नसते.

मी तरी शिकवलं. मंग कधीच न बोलणारी एक पोरगी उठली. म्हणाली, “आमच्या तांड्यावर तीजले टोपलीत गहू पेरतात, सांगू?”

माहे गुण कापले. बाबाले सांगू नको. त्यायचा गुडघा कसा आहे?

गुरुवारी तोच पाठ पुन्हा घ्यायचा आहे. ती ओळ मी परत लिहिली, यावेळी सगळ्यात वर.

दसऱ्याले माही भाकर बांधजो.

तुही
मंजुषा