जालन्याचे, बिहारचे न्हाई

मंगळवार, दिवेलागणीला

दादाचा पोलंडवरून व्हिडिओ कॉल आल्ता. तिकडं बाहेरून आलेल्या लोकांवरून भांडणं चालू हायेत, मोर्चे निघून राह्यले. त्याची घरमालकीण म्हणली, खोली सोड, बाहेरचे नकोत मला. दुसरी खोली कोणी देईना.

अण्णा म्हणले, "आरं तिला बराबर समजून सांग. म्हणावं, आम्ही जालन्याचे, बिहारचे न्हाई."

दादा म्हणला, "अण्णा, तिला इंडिया कुठंय ते म्हाईत न्हाई. जालना कुठून म्हाईत असंल?"

मला हसू आल्तं, पण आई रडून राह्यली व्हती. जालन्याचे म्हणल्यानं काय होणार व्हतं?

आमच्या मागच्या खोलीत दोन बिहारी भाऊ राहतात, रोलिंग मिलला कामाला हायेत. गल्लीतले लोक म्हणतात काढा त्यांना. म्हणून आज अण्णा त्यांना खोली खाली करा म्हणणार व्हते.

ते ड्यूटीवरून आले. थोरला म्हणला, "चाचा, खाना हो गया?"

अण्णा म्हणले, "हो गया," आन घरात येऊन बसले. खोलीचं काढलंच न्हाई. उद्या काढतील का?