पोरांची पोपटी

सोम., ५ जाने.
काल हळदीला जे झालं त्याचा राग दाजींच्या तोंडावर आज सकाळीही होता. एका पाहुण्याने त्यांच्या तन्वीला एलिफंटचं स्पेलिंग विचारलं. ती म्हणाली, ते येत नाही, पण नदीवर खंड्याचं बीळ कुठं आहे ते दाखवते. सगळे हसले. तीही हसली, तिला वाटलं बिळाला हसले. दाजी हसले नाहीत.
आज अंगणात गाडी पुसता पुसता मला म्हणाले, "सुजीत, दोन वर्षं झाली तुझ्या शाळेत घालून. आमी पण झाडावर चढलो, नदीत पोहलो. त्याची फी नाय घेतली कुणी."
पनवेलच्या मोठ्या इंग्लिश शाळेचा फॉर्म आणलाय. ३१ शेवटची तारीख. जूनपासून तन्वी तिकडे.
वैशूताई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी या घरात राहतो ते ताईचा भाऊ म्हणून. मी काय बोलणार? बरं, म्हणालो.

मंगळ., ६ जाने.
मीनाताईंना सांगितलं. शाळा त्यांनी उभी केली, पण रागावलेल्या बापाला समजावणं आपल्याला जमत नाही असं त्या स्वतःच म्हणतात. त्यांनी विचारलं, तुझ्या दाजींना सगळ्यात चांगलं काय येतं? म्हटलं, त्यांचे कंटेनरचे दोन ट्रेलर आहेत जासईला, तो धंदा. आणि पोपटी. गावात कुणाच्याही शेतात शेंगांचं मडकं जाळात भाजायचं, पोपटी लावायची, तर मडकं भरायला दाजीच लागतात.
"मग आपली पोरं लावतील पोपटी. सतराला, शनिवारी. पालकांना बोलावू."
मी विचारलं, पोरं म्हणजे कोण कोण?
"पोरं म्हणजे पोरं. आपण पाण्याच्या बादल्या घेऊन उभं राहायचं."

बुध., ७ जाने.
पेंढा, वारा, पंचवीस पोरं. झोप नीट नाही.
शाळेत मोठ्यांनी 'पडशील', 'भाजेल', 'असं नाही असं' म्हणायचं नाही. विचारायचं: पाय कशावर आहे? वारा कुठून येतोय? आणि मग गप्प राहायचं. मला हे अजून पूर्ण जमत नाही. आज आंब्यावर चढलेल्या एकाला "सांभा" एवढं बोलून तोंड मिटलं. वरून म्हणतो, "दादा, तू अर्धंच बोललास."
मी बारावीत शाळा सोडली. आमचे सर प्रश्न विचारायचे तेव्हा उत्तर त्यांच्या हातातल्या छडीला आधीच माहीत असायचं. इथे विचारणाऱ्यालाही वाट बघावी लागते. ते जास्त कठीण.

सोम., १२ जाने.
पोरं मडक्यात ठासायला बांधाबांधाने भांबुर्ड्याचा पाला शोधत होती. एकाने भलतंच काही उपटून आणलं. सगळ्यांनी वास घेऊन नापास केलं. मडक्यात अंडी हवीत की नकोत यावर मोठी सभा. काहींच्या घरी चालत नाहीत. शेवटी अंडी रद्द, फक्त वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी. अंडीवाले रुसले म्हणून पेटवायचा मान त्यांना. मी सगळं ऐकलं आणि बर्नॉलची ट्यूब कुठे आहे ते दोनदा पाहून आलो.
सं. घरी तन्वीने दाजींना विचारलं, पोपटी झाली हे कळतं कसं? (शाळेच्या फाटकाच्या आत मी तिचा दादा, फाटकाबाहेर मामा. हे तिनेच ठरवलंय.) दाजी म्हणाले, मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र झालं का समजायचं झाली. मग पाला किती दाबायचा, ओवा कधी टाकायचा, बरंच बोलले. आठवडाभरात एवढं बोलले नव्हते.

शुक्र., १६ जाने.
दाजी येतो म्हणालेत. "पोर काय शिकतंय ते बघू दे मना." ताई म्हणाली, उद्या तू मधेमधे बोलू नकोस. मी कशाला बोलतो.
बादल्या चार. ओली गोणपाटं. सगळं जागेवर.

शनि., १७ जाने.
आजच लिहायला हवं. उद्यापर्यंत मी ते स्वतःच्या सोयीचं करून ठेवीन.
शाळेमागच्या कापलेल्या शेतात. पालक आंब्याखाली चटयांवर. दाजी लांब, हात मागे बांधून उभे. मोठ्या पोरांनी मडकं भरलं, तोंडाशी पाला ठासला, चौघांनी उचलून उलटं ठेवलं. भोवती पेंढा, काटक्या, शेण्या. पेटवलं. इथवर छान.
मग नदीकडून वारा सुटला. पेंढा उडून सगळा एका अंगाला जमायला लागला, जाळही तिकडेच वाकला. वाऱ्याच्या अंगाला मडकं उघडं पडलं. पोरांना धूर नको होता म्हणून ती त्याच उघड्या बाजूला बसली, तन्वी सगळ्यात पुढे. त्यांच्या दृष्टीने सगळं मस्त चाललेलं.
ती बाजू कच्ची राहणार हे मला दिसत होतं. दाजींना तर माझ्या आधी दिसलं असणार. एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. घसा खाकरला. "अरे पोरांनो, तो पेंढा..."
मी म्हणालो, "दाजी, सांगू नका."
हळू म्हणायचं होतं. मोठ्याने आलं. चटयांवरच्या सगळ्यांनी ऐकलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी जेवतोस आणि मला गप्प बसवतोस, हे ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं. बादलीची कडी धरून उभा राहिलो.
एकाने धुरात डोळे मिटून पाणी शिंपडलं, जाळाच्या बाजूला. चुर्र झालं. झाली, झाली म्हणून पोरांनी जाळ विझवला, मडकं उलथलं. अर्ध्या शेंगा मऊ, अर्ध्या हिरव्यागार. बटाटा दाताखाली करकर वाजला. कुणाच्या तरी आईने पिशवीतून बिस्किटांचे पुडे काढले. पेटवणाऱ्यांपैकी एक रडायला लागला. दुसरा त्याला म्हणाला, अंडी घातली असती तर झाली असती.
मीनाताई बादलीपाशीच उभ्या राहिल्या.
तन्वी कच्ची शेंग हातात धरून बसून होती. मग कुणाला उद्देशून नाही, अशीच म्हणाली, "मी हिकडं बसलेली. मना गरम लागलंच नाय." थोड्या वेळाने, "मग मडक्याला पन नसंल लागलं."
पोरं उठली. जाळ कुठे होता, कोण कुठे बसलं होतं, कुणाला चटका लागत होता, कुणाला नाही, सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. एक मोठी मुलगी म्हणाली, वाऱ्याला अडवायला पाहिजे. कशाने? एकाने पालकांच्या खालच्या चटया मागितल्या. मोठी माणसं उठून मातीत उभी राहिली. कच्चं तेवढं पुन्हा मडक्यात, नवा पाला, नवा पेंढा.
चटई धरायला उंच माणूस हवा होता. तन्वी दाजींकडे गेली. "पप्पा, हे धर. काय बोलू नको. फक्त धर."
दाजींनी धरली. जाळ होईपर्यंत चटई धरून उभे होते. धूर फिरला की तोंड वळवायचे, हात हलवले नाहीत.
दुसऱ्यांदा थोडं करपलं, बाकी झालं. दाजींनी उभ्याने खाल्लं, दोनदा मागून घेतलं. तन्वीला पुढच्या सीटवर बसवून निघून गेले. मला हाक मारली नाही. मी सहा आसनी रिक्षाने घरी आलो.

रवि., १८ जाने.
दाजी माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर आलो की मोबाइल बघतात. खोली बघावी लागेल की काय. आपटा गावात मिळेल एखादी.
दु. ताई जेवायला वाढताना म्हणाली, "चारचौघांत गप बसवलंस त्यांना. मना दहा वर्षांत जमलं नाय." आणि न विचारता आणखी एक भाकरी ताटात टाकली.

गुरु., २२ जाने.
फॉर्म टीव्हीवर ठेवलाय. भरलेला आहे, तन्वीचा फोटोही चिकटवलाय. खाली सही नाही. पेन जवळच पडलेलं. मी ते उचलून कपाटात ठेवलं, मग वाटलं हे बरोबर नाही, पुन्हा जागेवर ठेवलं.
शाळेत तन्वीने काल पोपटी लिहायला घेतली. दीड पान. 'वारा आडवा आला' असं लिहिलंय. इकारउकार पाहायचा मोह झाला. नाही पाहिले.

मंगळ., २७ जाने.
शेजारचे काका कुंपणापाशी आले होते. मी आत होतो. दाजी त्यांना सांगत होते, "पोरीनं मना चटई धराला लावली. बोलू नको बोलली. मना! पोपटीत!" काका हसले. दाजी म्हणाले, "हसतोस कसला? बाजू कुठली कच्ची ते तिनं बसल्या जागेवरून सांगितलं." थोड्या वेळाने दुसरे कोणी आले, त्यांनाही हेच. तक्रार आहे की काय आहे, आवाजावरून कळेना.

शनि., ३१ जाने.
सकाळपासून लक्ष नव्हतं. शाळेत एकाने विचारलं, दादा, तुला कुठं दुखतंय का?
घरी आलो तर फॉर्म टीव्हीवरच. सही नाही. ताईने मला बघून फक्त भुवया वर केल्या.
सं. चहा घेताना दाजी माझ्याशी बोलले. पंधरा दिवसांनी. मान वर न करता म्हणाले, "तारीख वाढवली त्या शाळेनं. पंधरा फेब्रुवारी."
मी म्हणालो, हो का.
कप खाली ठेवला. "पुढल्या शनवारी काय हाय तुमच्यात?"
"नदीवर जायचंय. पाणी कुठं जोरात, कुठं हळू ते बघायला. पोरं पानं सोडणार आहेत."
"कवा?"
गडबडीत आठला म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गाडीची चावी शोधायला उठले. पण पोरं साडेसातलाच निघतात. आठला कुणी भेटणार नाही. उद्या उठल्या उठल्या सांगायचं.